चार नंबरच्या पेटीची वाटणी

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. बायनाबाईनं स्वतः बजावलं होतं, "लिहू नको माय, लोक म्हणतील माश्या चावून चावून म्हातारीचं डोकं फिरलं." मी तिला शब्दपण दिला होता. पण आठ दिवस झाले, डोक्यातून जातच नाही, म्हणून परवा परत गेले आणि म्हणलं, मला राहवत नाही, काय करू? तर म्हणाली, "लिही मंग. पण भगवानरावाचं तोंड सुजलं ते टाक. ते खरं हाय."

तर टाकते.

एकोणनव्वद सालचा जानेवारी. करडई फुलली होती, सगळं रान पिवळं झालं होतं. ताडकळसच्या अलीकडं, पूर्णा रोडला लागून बायनाबाईचं खोपट. सकाळी ती शेळ्या सोडायलाच निघाली होती, तेवढ्यात शेजारच्या वावरातून बन्सीधर आला. धुतलेला सदरा, हातात पिशवी, आणि तोंड असं की घरात कुणीतरी गेलंय.

"अक्का, मी जायलोय."

"मंग जा की. रडायलास कामून?"

"पेट्यांचं काय करू?"

बन्सीधरकडं पाच एकर कोरडवाहू रान आणि पाच मधपेट्या. रानाचं त्याला एवढं काही नव्हतं. पाऊस आला तर आला. पण पेट्या म्हणजे जीव की प्राण. पेट्यांवर त्यानं गेरूनं एक ते पाच नंबर टाकले होते आणि सकाळी उठला की आधी त्यांच्याकडं जायचा, मग तोंड धुवायचा. त्याची बायको तानुबाई म्हणायची, "मी मेले तर ह्याला पेटी उघडताना माशी सांगंल, तवा कळंल."

ती तानुबाई पंधरा दिवसांपासून राणीसावरगावला लेकीकडं होती. लेक सुमन बाळंत झाली होती, दुसरी खेप, मुलगी. शुक्रवारी बारसं. आणि सुमननं निरोप धाडला होता: बाबा आले नाहीत तर लेकराला नाव ठेवणार नाही. शाळेत घालायच्या वेळीसुद्धा नुसतं 'बाई' म्हणून लिहू. आणि यायचं तर आठ दिवस राहायचं. पाव्हण्यासारखं नाही, बापासारखं.

आता ही पोरगी एवढी का तापली होती, तर त्याला कारण होतं. दोन वर्षांमागं तिच्या पहिल्या पोराच्या बारशाला बन्सीधर गेला होता. पंगतीत बसला, अर्धी पोळी खाल्ली, आणि एकदम त्याच्या मनात आलं, माश्या उठल्या असतील! खरकट्या हातानंच उठला आणि स्टँडवर पळाला. नातवाचं नावसुद्धा ऐकलं नाही. घरी येऊन बघतो तर तीन नंबरची पेटी अर्धी रिकामी. म्हणजे लेकही रुसली आणि माश्याही गेल्या. तो चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडला होता. दोन वर्षं सुमन बापाशी बोलली नाही.

आणि ही सुमन म्हणजे कोण? तान्ही असताना तानुबाई आजारी पडली, दूध आटलं, तेव्हा गावातच राहणाऱ्या बायनाबाईनं आपल्या शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून जिला जगवली, ती. म्हणून बायनाबाईनं पिशवी घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाकडं बघितलं आणि छातीवर हात मारून म्हणाली, "तू जा. आठ दिवस हिकडं फिरकू नको. माश्या मी सांभाळते. दीडशे मेंढरं सांभाळलीत मी, ह्या तर बोटाएवढ्याबी न्हाईत!"

बन्सीधरनं तिला चार नंबरच्या पेटीपुढं नेलं. ही पेटी सगळ्यात भरलेली. धूर दिला, झाकण काढलं, एक चौकट वर उचलून दाखवली.

"अक्का, ध्यान देऊन ऐक. घर भरलं, की ह्या माश्या नवी राणी कराया घेतात. चौकटीच्या खालच्या काठाला बघायचं. भुईमुगाच्या शेंगेसारखं घर लोंबाया लागलं, की चिमटीनं तोडायचं. एकबी ठेवायचं न्हाई. ठेवलं, की जुनी राणी अर्धं घरदार घेऊन उडली म्हणून समज."

"जुनी जाती? नवी न्हाई?"

"जुनी."

"ज्या घरात आयुष्य काढलं, ते सोडून?"

"हाव."

"आन् तिला कुणी थांब म्हणत न्हाई?"

"अक्का, माश्या हायेत त्या. गाडी यायलीय, मी चाललो."

बायनाबाई त्या पेटीकडं बघतच राहिली.

तिचं असं झालं होतं. सहा वर्षांमागं तिच्या दोन पोरांची वाटणी झाली. मेंढरं अर्धी अर्धी, भांडी अर्धी अर्धी, एक घोंगडी होती ती मधून फाडली. मग प्रश्न आला म्हातारीचा. वाटणीला पंच म्हणून भगवानराव बसले होते. ह्या भागात पन्नासेक वाटण्या त्यांनीच केलेल्या. त्यांनी मिशीला पीळ देत सांगितलं, "म्हातारी एक म्हैना हिकडं, एक म्हैना तिकडं." तेव्हा ती म्हातारी पण नव्हती, चाळिशीचीच होती. आठ महिने गाठोडं घेऊन ती हिकडून तिकडं गेली, आणि नवव्या महिन्यात तीन शेळ्या घेऊन सरळ बाहेर पडली. बन्सीधरनं बांधाच्या कडंला जागा दिली, तिथं तिनं खोपट टाकलं.

असो. बन्सीधर गेला आणि बायनाबाईनं माश्या सांभाळायला सुरुवात केली. तिला येत होतं तसं. म्हणजे मेंढरांसारखं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती चार नंबरच्या दारापुढं खडे घेऊन बसली. धनगराची रीतच आहे, सकाळी सोडलेली जनावरं संध्याकाळी मोजून घ्यायची. एक माशी आत गेली की एक खडा. साडेतीनशेपर्यंत गेली आणि मग सगळ्या एकदमच आल्या. "अगं रांगेनं, रांगेनं!" ती ओरडली. मुडदा पडला त्या हिशोबाचा. दुसऱ्या दिवशी मोजणं सोडून तिनं पेटीला मेंढीच्या गळ्यातली घाटी बांधली. पेटी हलली की घाटी वाजंल आणि आपल्याला कळंल. घाटी दिवसभर वाजली. शेळी अंग घासत होती.

बन्सीधर तिकडून स्वस्थ बसलाय होय? पूर्णेहून राणीसावरगावला जाणारी एसटी खोपटावरूनच जायची. सकाळी साडेसहाला जायची, संध्याकाळी सहाला परत यायची. तिचा कंडक्टर चंद्रभान. रोज संध्याकाळी गाडी खोपटापुढं थांबायची, चंद्रभान खिडकीतून डोकं काढायचा आणि ओरडायचा, "मावशी! बन्सीधर इचारायलाय, चार नंबरवाली कशी हाय?"

"बरी हाय म्हणावं! खाऊन पिऊन हाय!"

ते दिवस असे होते, की गाडीत बसलं की विद्यापीठाचं नामांतर, दुसरा विषय नाही. ह्या बाकावरचे त्या बाकावरच्यांशी बोलायचे नाहीत. पण त्या आठवड्यात अख्ख्या गाडीला चार नंबरवालीचा घोर लागला. एकजण म्हणाला दारात पाणी ठेवा, दुसरा म्हणाला सावली करा, आणि दोघं दोन बाजूंचे असून एकमेकांना "बरोबर हाय तुमचं" म्हणले. चंद्रभान सांगायचा, त्या रूटवर एवढी शांतता त्यानं परत बघितली नाही.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडायची होती. बायनाबाईनं गोवरीचा धूर केला, डोक्यावर जाळी घेतली आणि चौकट उचलली. खाली शेंगा लोंबत होत्या. एक, दोन, तीन... सात!

पहिली तिनं चिमटीनं तोडली. शेंग फुटली आणि आत एक पांढरंशुभ्र, ओलसर, वळवळणारं पिल्लू. तळहातावर पडलं. डोळे नाहीत, पाय नाहीत, काही नाही.

"अगं माय," ती म्हणाली, "तिकडं सुमनीच्या लेकीला नाव ठेवायला बाप धाडला, आन् हितं मी लेकी चिरडू?"

तिनं चौकट जशीच्या तशी आत ठेवली, झाकण लावलं आणि त्या पिल्लाला मातीत पुरलं. वर एक करडईचं फूल ठेवलं. मी हे ऐकताना हसले, आणि नंतर मला माझीच लाज वाटली.

त्या संध्याकाळी खोटं बोलायला तिला जमलं नाही. चंद्रभानला म्हणाली, "त्याला सांगा, एक तोडली, सहा शेंगा राहिल्यात. तोडणं व्हत न्हाई."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, गाडी आली ती हॉर्न वाजवतच. चंद्रभान खालीच उतरला. "मावशी, बन्सीधर म्हणलाय, तोड! न्हाई तर उद्या दुपारी ह्याच गाडीत बसून निघालो. पिशवी भरून ठिवलीय त्यानं. आन् सुमनबाई म्हणली, बाबा पिशवी घेऊन गाडीत चढले तर बारसं बंद, आन् ह्या जन्मात ह्या घरात पाऊल ठिवायचं न्हाई."

अख्खी गाडी खिडक्यांतून बघायला लागली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

आणि बायनाबाईच्या तोंडून निघून गेलं, "मिटलं म्हणून सांगा!"

"मिटलं?"

"मिटलं! येऊ नको म्हणावं!"

"कसं मिटलं, मावशी?"

"तुमची गाडी लेट व्हायलीय. जावा!"

गाडी गेली. मागं धुरळा, आणि धुरळ्यात बायनाबाई. काहीच मिटलेलं नव्हतं. सहा शेंगा तशाच लोंबत होत्या. एकीचंही तोंड बंद होऊन पिकायला आलं, की म्हातारी राणी निघाली. माश्या गेल्या तर बन्सीधर आयुष्यात परत गाव सोडणार नाही, आणि सुमन त्याला दारात उभं करणार नाही. तोडल्या तर हाताला पाप. ती खोपटापुढं बसून विचार करायला लागली. घर भरलंय. पोरी मोठ्या झाल्यात. म्हातारी बाहेर पडायलीय. हे काय आहे? हे तर सरळ सरळ भांडण आहे घरातलं! असलं भांडण मिटवतं कोण?

ती उठली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा भगवानरावांच्या दारात गेली.

भगवानराव ओट्यावर सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. त्यांच्यात हीच गोष्ट होती, वाटणीच्या कामाला ते कधी हसत नसत.

"घरात माणसं किती?"

"मोजाया गेले व्हते. रांगेनं यायला तयार न्हाईत."

"चुली?"

"एकच. आठ चौकटी."

"बन्सीधरपाशी रिकामी पेटी हाय?"

"हाय की, नवी कोरी हाय."

"मंग रडायचं काय हाय? वाटणीच करायची. भांडून जाण्यापरीस वाटून राहावं. सकाळी येतो."

गुरुवारी उजाडता उजाडता भगवानराव आले. डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी, बरोबर साक्षीला गावातला भुजंग. पेटीपुढं घोंगडी अंथरली, मधोमध पाण्याचा तांब्या ठेवला. बायनाबाईनं जाळी पुढं केली तर म्हणाले, "पंचानं तोंड झाकायचं नसतं." भुजंग पंच नव्हता, त्यानं जाळी पटकन घेतली आणि पोत्यात शिरल्यासारखा बसला.

तेवढ्यात साडेसहाची एसटी गेली. चंद्रभाननं दारातून लोंबकळून सगळं बघितलं.

झाकण उघडलं. पहिली माशी भगवानरावांच्या नाकाला चावली. ते हलले नाहीत. "लिहून घ्या," भुजंगला म्हणाले, "चौकटी आठ. चार हिकडं, चार तिकडं. मध अर्धा अर्धा. लेकरं अर्धी अर्धी. मोठी माणसं ज्याच्या चौकटीवर बसलीत त्याची."

दुसरी माशी, वरचा ओठ.

"नव्या राण्या सहा. त्या एका बाजूला, नव्या पेटीत. सहाजणी एका चुलीवर कशा नांदतील ते त्यांचं त्या बघतील."

तिसरी माशी, खालचा ओठ. आता तोंड असं झालं की मिशी आभाळाकडं बघायला लागली. तरीही त्यांनी काठी आपटली आणि पन्नास वाटण्यांची सवय, जीभ आपोआप वळली, "आन् म्हातायी... एक म्हैना हिकयं, एक म्हैना तिकयं."

बायनाबाईच्या हातात त्या वेळी तीच चौकट होती, जिच्यावर म्हातारी राणी बसली होती. लांबोळकी, पंखांच्या कडा झिजलेल्या. दीडशे मेंढरांतली एक लंगडली तर जिला कळायचं, तिनं हजारांतून तिला बरोबर शोधली होती. बायनाबाई चौकट हातात धरूनच वळली. अंगावर माश्या, डोळ्यांत पाणी, आणि आवाज असा की भुजंग जाळीसकट मागं सरकला.

"भगवानराव! माझ्या टायमालाबी तुमी हेच म्हणले व्हते! गाठोड्याला इचारल्यासारखं तरी मला इचारलं का, तुला कुठं राह्यचंय? आठ म्हैने मी दोन्ही घरची उष्टी भांडी घासली, आन् दोन्हीकडं म्हैना संपायची वाट बघायचे! हिनं हे घर बांधलंय. एकेक लेकरू हिच्या पोटचं हाय. ही कुटं जाणार न्हाई. ज्याला येगळं व्हायचंय त्यानं नव्या घरात जावं. म्हातारी हितंच राहील!"

भगवानरावांनी बोलायचा प्रयत्न केला. ओठ उघडत नव्हते. मग त्यांनी नुसता हात वर केला आणि चौकट जुन्या पेटीकडं न्यायची खूण केली. भुजंगनं लिहून घेतलं: म्हातारी जुन्या घरी, पंचांना मान्य.

चार चौकटी शेंगांसकट नव्या पेटीत गेल्या. जुन्या पेटीत रिकाम्या जागी चार कोऱ्या चौकटी बसवल्या, म्हातारीला पुन्हा हातपाय पसरायला जागा झाली. शेवटी राहिली रीत. वाटणी झाली की दोन्हीकडच्यांनी एका तांब्यातलं पाणी प्यायचं, म्हणजे मनात किल्मिष राहत नाही. बायनाबाईनं पाण्यात गूळ विरघळला आणि दोन वाट्या दोन दारांपुढं ठेवल्या. जरा वेळानं हिकडच्याही आल्या, तिकडच्याही आल्या, प्यायल्या. "प्यायल्या," भुजंग म्हणाला आणि कागदावर तेही लिहिलं.

तिकडं राणीसावरगावच्या स्टँडवर बन्सीधर पिशवी घेऊन उभा. मागं तानुबाई. गाडी आली. चंद्रभान उतरला.

"मिटलं म्हणलीय मावशी."

"किती शेंगा तोडल्या?"

"एक."

"मंग मिटलं कसं? सहा राहिल्या की!"

"ते मला ठावं न्हाई. पण सकाळी जाताना बघितलं, पेटीपुढं घोंगडी आंथरून भगवानराव बसलेत. तांब्या हाय मधी."

बन्सीधर बाकावर बसला. डोकं धरलं. मग तानुबाईकडं बघून म्हणाला, "भगवानराव बसले म्हंजे एक तर मिटतंय, न्हाई तर असं बिघडतंय की मी जाऊन काय बी व्हायचं न्हाई. चल घरी." आणि पिशवी तिच्या हातात दिली.

शुक्रवारी बारसं. दुपारी बाराचा टाइम. हिकडं बायनाबाईनं शेळ्या सोडल्याच नव्हत्या, चार नंबरपुढं बसून होती. आणि बरोबर बाराला पेटीतून माश्या बाहेर पडायला लागल्या. दहा नाही, वीस नाही, शेकड्यांनी. दारापुढं ढगच झाला. गोल गोल फिरायला लागल्या. गाव असतं तर माश्या खाली बसवायला थाळ्या वाजवत धावलं असतं. तिनं काहीच केलं नाही. तिथंच मातीत बसून राहिली आणि त्या ढगाशी बोलायला लागली.

"निघालीस का? जा. तुला जायचंच असंल तर मी कोण अडवणार? पण एवढं ऐकून जा. मीबी निघाले व्हते. निघताना कुणी थांब म्हणलं असतं ना, तर थांबले असते गं. पोराच्या उंबऱ्यात अर्धा घंटा उभी व्हते, शेळ्यांची दोरी उगं सोडत-बांधत. कुणी म्हणलं न्हाई. म्हणून मी म्हणायलेय. थांब. थांब माय."

ढग फिरत राहिला. मग हळूहळू पातळ व्हायला लागला. एकेक माशी दारावर उतरली आणि आत गेली. अर्ध्या तासात दार मोकळं. बायनाबाईनं पेटीला कान लावला. आत घर घुमत होतं, भरल्यासारखं.

त्याच वेळी राणीसावरगावला सुमननं लेकीला बापाच्या मांडीवर दिलं. ह्या खेपेला बन्सीधरनं नाव ऐकलं. पूर्ण जेवला. आठ दिवस राहिला, म्हणजे सुमनच्या हिशोबानं. त्याच्या हिशोबानं ते आठ महिने होते.

आल्या आल्या त्यानं चार नंबर उघडली. म्हातारी राणी चौकटीवर आरामात चालत होती. नवी पेटी उघडली. सहातली एकच नवी राणी उरली होती, बाकीच्यांचं तिनं बघून घेतलं होतं. बन्सीधर बायनाबाईकडं असा बघायला लागला की जणू ती विमान चालवून आलीय.

"अक्का, हे तुला कुणी शिकवलं? पुस्तकात ह्यालाच उपाय म्हणून दिलंय! मला पाच वर्षांत करायची हिंमत झाली न्हाई. फकत तुमी उलटं केलं, म्हातारीला नव्या घरात न्यायचं असतंय."

"पुस्तक लिहिणाऱ्याला म्हातारी नसंल," बायनाबाई म्हणाली.

दुपारी माश्या परत दारापुढं ढग करून फिरायला लागल्या तशी ती घाबरून उठली. बन्सीधर हसला. "अक्का, लहान माश्या हायेत, घर वळखायला खेळतात. रोजच खेळतात ह्या टायमाला." बायनाबाई रोज ह्या वेळेला शेळ्या घेऊन रानात असायची, तिला कुठून माहीत? मी तिला विचारलं, मग त्या दिवशी तुम्ही एवढं बोललात ते फुकटच गेलं की? तर म्हणाली, "बोलायचं व्हतं, बोलले. माश्या निमित्त."

भगवानरावांचं तोंड सहा दिवस सुजलेलं होतं. त्यानंतर त्यांनी आणखी कितीतरी वाटण्या केल्या, पण सुरुवात बदलली. घोंगडीवर बसले की आधी म्हणायचे, "पयले म्हातारीला इचारा. मला परत चावून घ्यायचं न्हाई." नव्या लोकांना वाटायचं, म्हातारी चावते की काय.

बायनाबाई आता ऐंशीला आलीय. पोरं दोनदा न्यायला आली होती, गेली नाही. खोपटाच्या जागी दोन खोल्या झाल्यात, बन्सीधर राहिला नाही, पेट्या तिच्याकडं आहेत. दर जानेवारीत ती घोंगडी अंथरते आणि वाटणी करते, आणि आता तिला चौकट नीट उचलवत नाही, हात कापतो. मी गेले तेव्हा निघताना ती दारापर्यंत आली आणि माझ्या ओढणीचं टोक हातात धरून उभी राहिली. म्हणून सांगते, तुम्ही जा. पूर्णा रोडला ताडकळसच्या अलीकडं कुणालाही विचारा, माश्यावाली बायनाबाई कुठं राहते. दुपारी बाराच्या आत, माश्या खेळायला निघायच्या आधी जा, पोटभर वेळ काढून जा, आणि लवकर जा.